आयटी सोडून पेटीदुरुस्ती: कुणी असं काही केलंय का?

काळी_दोन
नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३८. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग, १४ वर्षं झाली. काम वाईट नाही, माणसंही बरी आहेत, पण रविवारी संध्याकाळी पाचनंतर पोटात गोळा येतो. हे गेली सहा वर्षं चालू आहे.

चार वर्षांपूर्वी वडील गेले. त्यांची भजनाची पेटी माळ्यावर पडून होती. भात्याला कसर लागलेली, तीन सूर मुके. पेठेतल्या एका जुन्या कारागिरांकडे दुरुस्तीला नेली. ते म्हणाले, वेळ असेल तर बसा, दाखवतो. बसलो, आणि अजून उठलो नाही. दर शनिवारी आणि अर्धा रविवार तिथेच असतो. ४२ पट्ट्यांची दोन सुरांची पेटी म्हणजे ८४ सूर, एका पट्टीला दोन पितळी पाती. पितळी पाती टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. एवढंच शास्त्र, पण हाताला ते कळायला मला दीड वर्ष लागलं.

आता हे कारागीर काका ७१ वर्षांचे आहेत. डोळ्यांनी दगा दिलाय. मुलं परगावी. परवा म्हणाले, "गाळा भाड्याचा आहे, अवजारं माझी आहेत. चालवणार असशील तर घे, नाहीतर दिवाळीनंतर बंद करतो."

हिशोब असा: बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, तिच्या पगारात घरखर्च भागतो. घराचा हप्ता ३१ हजार, अजून नऊ वर्षं. मुलगी पाचवीत. गेल्या बारा महिन्यांत शनिवार-रविवारात ६३ पेट्या केल्या, सामानाचा खर्च जाऊन साधारण १ लाख ७० हजार हातात राहिले. त्यातल्या २९ पेट्या गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत आल्या.

समाधान आणि स्थैर्य दोन्ही हवंय असं म्हटलं की लोक हसतात. तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? करून पस्तावलेल्यांनी तर जरूर लिहा.

आजीचा_चष्मा
वहिनींना विचारलंत का?

काळी_दोन
@आजीचा_चष्मा, विचारलं. म्हणाली, "घरातली शेगडी तीन आठवडे एका बर्नरवर चाललीये. आधी ती दुरुस्त कर, मग लोकांच्या पेट्यांचं बघू."

आजीचा_चष्मा
मग उत्तर मिळालंय की. धागा बंद करायला हरकत नाही.

टपरीवरचा_चहा
भावा, सोड नोकरी!! आयुष्य एकदाच मिळतं. मनाचं ऐक. पैसा येतो-जातो.

हिशेबनीस
@टपरीवरचा_चहा, पैसा जातो हे नक्की. येतो की नाही ते पाहू.

मी सनदी लेखापाल, त्यामुळे रसभंगाची सवय आहे. तुमच्याच आकड्यांवरून एका पेटीमागे २,७०० रुपये सुटतात. एका पेटीला किती वेळ लागतो ते लिहिलं नाहीत. दीड दिवस धरतो. महिन्यात २२ दिवस काम केलंत तर १५ पेट्या, म्हणजे ४० हजार. हप्ता जाऊन नऊ हजार उरतात, त्यातून गाळ्याचं भाडं द्यायचं. आणि हे वर्षाला १८० पेट्या आल्या तर. तुमच्याकडे सध्या ६३ येतात, त्यातल्या जवळपास निम्म्या दोन महिन्यांत. मार्गशीर्षात काय करणार?

आता सोडायचंच ठरवलं तर काही गोष्टी राजीनामा लिहिण्याआधी बघा. पाच वर्षं सलग झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी मिळेल, दर वर्षामागे १५ दिवसांचं मूळ वेतन. पीएफ लगेच काढून गाळ्यात घालू नका. पेन्शन योजनेत दहा वर्षं भरलीत तर ५८ व्या वर्षापासून थोडंफार निवृत्तिवेतन मिळतं. थोडंच, पण ते मोडू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आरोग्यविमा. कंपनीचा गटविमा राजीनाम्याबरोबर जातो. बीपी-शुगर असेल तर नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोकरीत असतानाच कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी घ्या आणि ती जुनी होऊ द्या. आणखी एक. पुढे कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायची वेळ आली तर धंदेवाल्याला दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. आज पगाराची स्लिप आहे तोवर व्याजदराची घासाघीस करून घ्या.

बाकी पेटी छान असते. आमच्या सोसायटीत एक आहे, वाजवणारा नाही.

खेकडा
स्पर्धा परीक्षेचा सहावा प्रयत्न चालू असलेला माणूस या नात्याने सांगतो, स्थैर्याच्या मागे लागून मी इतका अस्थिर झालोय की विचारू नका. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. खालच्या मजल्यावर कुणीतरी रोज सकाळी पेटीवर तेच अलंकार वाजवतं. तुम्ही नाही ना ते?

सहनशील_प्राध्यापिका
मी उलट्या बाजूची गोष्ट सांगते.

मला हवं तेच शिकले, हवं तेच शिकवते. मराठी साहित्य, नेट आणि सेट दोन्ही, पीएचडी पूर्ण. वर्गात उभी राहिले की अजून अंगावर काटा येतो. पण नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचे पैसे. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून मेमध्ये पैसे नाहीत. दिवाळीच्या सुट्टीतही नाहीत. बिलं मंजूर होऊन यायला चार-चार महिने. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कायम सहकाऱ्याचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू झालं. आम्ही दोघी तोच पेपर शिकवतो, तीच उत्तरपत्रिका तपासतो. अकरा वर्षं झाली.

समाधान नाही असं म्हणणार नाही. पण समाधान हळूहळू कडू होतं. पहिली पाच वर्षं विद्यार्थ्यांचे फोन आले की आनंद व्हायचा. आता एखादी माजी विद्यार्थिनी "मॅडम, मला सरकारी नोकरी लागली" म्हणून पेढे घेऊन येते तेव्हा मी तिच्यासाठी खूश होते आणि रात्री झोप लागत नाही. हे कुणाशी बोलताही येत नाही.

काळी_दोन, तुमच्या हातात आज पगार आहे. आवडीच्या कामाला घर चालवायला लावलंत की त्याचा चेहरा बदलतो. एवढंच सांगायचं होतं.

काळी_दोन
@सहनशील_प्राध्यापिका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काय लिहावं कळत नाही. बिलं चार महिने अडकतात हे माहीत नव्हतं.

@हिशेबनीस, साध्या ट्यूनिंगला एक दिवस लागतो, भाता बदलायचा असेल तर अडीच. सरासरी दीड बरोबर धरलात. मार्गशीर्षाचं उत्तर खरंच माझ्याकडे नाही. विम्याचं तर डोक्यातच नव्हतं.

मिरजेचा_भोपळा
धागा आमच्या अंगणातला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं घर मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीतलं. शिकलगार मंडळी मूळची हत्यारं घासणारी, एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं तेव्हा ती सतार-तंबोऱ्याकडे वळली. म्हणजे आमचा धंदा हाच मुळात करिअर बदलण्यातून आलाय! भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, गोल आणि जाड सालीचा. तो वाळवायचा, कापायचा, गळा जोडायचा, नक्षी, पॉलिश, तारा, आणि शेवटी जवारी काढायची. जवारी म्हणजे घोडीचा (तारांखालच्या टेकूचा) पृष्ठभाग असा घासायचा की तार बोलली पाहिजे. माझ्या चुलत्यांना ती डोळे मिटून यायची. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले, घरात पेढे वाटले.

आणि मी? मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. धाकटा भाऊ बंगळुरात तुमच्यासारखाच टेस्टिंग करतो. चौघा चुलतभावांत एकच जण धंद्यात राहिला.

लोक विचारतात, कला का सोडली. सोडली कारण तंबोरा करायला आवडायचं, पण तंबोरा विकायला नाही. गिऱ्हाईक येतं, तीन तास बसतं, चहा पितं, बारा तंबोरे लावून बघतं आणि म्हणतं, गुरुजींना विचारून सांगतो. दुकानदार माल नेतो आणि सहा महिन्यांनी पैसे देतो. उरुसाला दर्ग्यात गायला-वाजवायला मोठमोठे कलाकार येतात, गल्लीत येऊन वाद्यं बघतात, पाठ थोपटतात. पाठ थोपटून घेतलेली आमच्या घरात पुष्कळ आहेत.

तर दादा, तुम्हाला सूर लावायला आवडतो हे दिसतंच आहे. उधारी वसूल करायला आवडते का? "अहो, तुम्ही लावलेला पंचम बरोबर नाही" असं ज्याला पंचम कळत नाही तो तोंडावर म्हणाला तर हसून "बघतो" म्हणता येतं का? चार वर्षं तुम्ही शनिवारी बसताय. गिऱ्हाईकांशी कोण बोलतं, तुम्ही की काका?

काळी_दोन
काका बोलतात. :(

मिरजेचा_भोपळा
मग तुम्ही अजून अर्धाच धंदा शिकलात. उरलेला अर्धा शिकून घ्या, तोवर काकांना बंद करू देऊ नका.

आजीचा_चष्मा
@मिरजेचा_भोपळा, "पाठ थोपटून घेतलेली आमच्या घरात पुष्कळ आहेत" हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. लेखक व्हा की. (हो, त्यातही पैसे नाहीत.)

तळकोकणातली
अवांतर: पेट्या गणपतीच्या आधी येतात म्हणता, मग पुण्यात कसले बसलात? आमच्याकडे सिंधुदुर्गात या. वाडीवाडीत भजनी मंडळ. डबलबारीचे (दोन बुवांच्या भजन-सामन्याचे) बुवा तर पेटीवर असे तुटून पडतात की भाता वर्षाला दम टाकतो. वर पावसाळ्याची दमट हवा, लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, पात्यांवर हिरवं चढतं. आणि दुरुस्तीला न्यायची तर एसटीत मांडीवर घेऊन सावंतवाडी नाहीतर कोल्हापूर. माझ्या भावाची पेटी गेल्या श्रावणात दिली ती चवथ होऊन गेल्यावर मिळाली. भजनं सगळी टाळांवर झाली.

हिशेबनीस
बघा, हे अवांतर नाही. बाजारपेठ कुठे आहे ते या बाईंनी फुकटात सांगितलं. मी याचे पैसे घेतो.

जुना_रेडिओ
स्थैर्याबद्दल एक गंमत. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत. परदेशी वाद्य, मींड निघत नाही (सूर एकातून दुसऱ्यात घसरत नेता येत नाही), श्रुती (सुरांमधले बारीक फरक) धरत नाही, असे आक्षेप. विचार करा, त्या काळी कुणी असाच धागा काढला असता तर सगळ्यांनी सांगितलं असतं, बाबा, सरकारनेच हाकललेल्या वाद्याच्या नादी लागू नकोस. प्रत्यक्षात कीर्तन, भजन, नाटक, मैफल सगळीकडे पेटी राहिलीच.

उलट माझे थोरले बंधू टेलिग्राफ खात्यात चिकटले तेव्हा घरात सत्यनारायण घातला होता, आता जन्माची चिंता मिटली म्हणून. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ते त्याआधीच निवृत्त झाले, पेन्शन चालू आहे, तक्रार नाही. पण शेवटच्या दिवशी तारघरात जाऊन त्यांनी स्वतःलाच एक तार केली.

सप्तकातला
@काळी_दोन, तांत्रिक प्रश्न. तुम्ही समस्वरी (बाराही सूर समान अंतरावर) लावता की गांधार ट्यूनिंग (एक सा पक्का धरून त्याच्याशी जुळणारे सूर) करता? समस्वरी पेटीतला शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा १४ सेंट (लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभरावे भाग) चढा असतो. कान तयार असलेल्याला टोचतो.

काळी_दोन
@सप्तकातला, दोन्ही करतो. भजनी मंडळांना समस्वरी, कारण बुवा कुठल्याही पट्टीत उडी मारतात. गायकाची स्वतःची पेटी असेल आणि सा पक्का असेल तर गांधार. पण तो एक गांधार खाली आणला म्हणून संपत नाही, त्याच्याबरोबर धैवत, निषाद, सगळ्यांची समजूत काढावी लागते. एक पाती जास्त घासली गेली तर परत मुळाशी घासून उतरवायची, आणि असं दोन-चारदा झालं की पातीच मरते. काकांनी माझ्याकडून पहिल्या वर्षी फक्त मेलेल्या पाती घासून घेतल्या. जुन्या पेट्यांत पॅरिसचे सूर (तिथे बनलेल्या पाती) सापडतात, ते मात्र अजूनही मला हात लावू देत नाहीत. गुजरातेतल्या पालिताण्याच्या पाती वेगळ्या, त्यांचा बाज...

खेकडा
नोकरीबद्दल तीन ओळी आणि पातीबद्दल पंधरा. न्यायाधीश महाराज, साक्ष संपली.

काउंटर_नंबर_चार
पस्तावलेल्यांनी लिहा असं म्हणालात, म्हणून लिहितो. पूर्ण पस्तावलो नाही, अर्धा.

राष्ट्रीयीकृत बँकेत २४ वर्षं काढली. २००१ च्या सुमारास बँकांत व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) आली तेव्हा मी ४७ वर्षांचा होतो. लहानपणापासून एकच स्वप्न, स्वतःचं वाचनालय. घेतली व्हीआरएस. नाशकात एका कॉलनीत गाळा घेतला, साडेसहा हजार पुस्तकं, दिवाळी अंकांची योजना, मुलांसाठी वेगळा कोपरा. पहिली चार-पाच वर्षं इतकी सुखाची होती की आजही कुणी विचारलं तर डोळे भरून येतात. एक आजोबा रोज साडेदहाला येत आणि पुस्तक बदलण्याच्या निमित्ताने तासभर वाद घालत. एक मुलगी तिसरीत सभासद झाली ती दहावीपर्यंत.

मग सभासद गळू लागले. वर्गणी वाढवली की दहा जण कमी व्हायचे, नाही वाढवली तर भाडं निघायचं नाही. २०१२ मध्ये बंद केलं. पुस्तकं तीन शाळांना दिली. व्हीआरएसच्या रकमेतले निम्म्याहून जास्त गेले.

मी रस्त्यावर आलो नाही याचं कारण माझं शहाणपण नाही. १९९५ मध्ये बँकेत पेन्शन योजना आली तेव्हा पीएफ की पेन्शन असा पर्याय होता. बहुतेक मित्रांनी पीएफ घेतला, एकरकमी मोठा आकडा दिसतो ना. मी पेन्शन लिहिली, कारण फॉर्म भरायच्या दिवशी शेजारी बसलेल्या मॅडमनी पेन्शन लिहिली होती. एवढंच. त्या पेन्शनवर वाचनालयाची शेवटची पाच वर्षं चालली आणि त्यावरच आज आम्ही दोघं जेवतो.

अर्ध्या पस्तावण्याचं म्हणाल तर ते बंद केल्याचं नाही. २००८ मध्येच कळलं होतं की हे चालणार नाही. आणखी चार वर्षं ओढलं, कारण लोक काय म्हणतील. बँकेतले काय म्हणतील. काढताना लाज वाटली नव्हती, बंद करताना वाटली.

सहनशील_प्राध्यापिका
काका, ती तिसरीतली मुलगी मी नाही, पण तशाच एका वाचनालयात वाढले. तुमचं वाचून बरं वाटलं आणि वाईटही.

श्टुटगार्टकर
इथे जर्मनीत आमच्याजवळ लुडविग्सबुर्गला वाद्य बनवणाऱ्यांची व्यवसायशाळा आहे. पियानो बांधणाऱ्याचा अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा, काही काळ शाळेत, काही काळ कारखान्यात, आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. शेवटी परीक्षा, पुढे माइस्टर (उस्ताद कारागीर) व्हायचं तर आणखी एक. माझ्या मुलीचा वर्गमित्र त्यात आहे. त्याचे वडील वकील, आई डॉक्टर, आणि कुणीही कपाळावर हात मारला नाही. आरोग्यविमा सगळ्यांनाच असतो, त्यामुळे "पेटी की दवाखाना" असा प्रश्नच पडत नाही.

तुमच्या काकांकडे जे आहे त्याला आपल्याकडे प्रमाणपत्र नाही, एवढाच फरक.

कोपऱ्यातला_सोफा
@श्टुटगार्टकर, आलंच का जर्मनी! आम्ही वाटच बघत होतो. कचरा किती डब्यांत टाकता तेही सांगा आता.

श्टुटगार्टकर
चार. :)

खांबावरून
वाचत होतो, आता राहवत नाही. रागावू नका.

हे "समाधान देणारं काम निवडा" प्रकरण दोन पगारांच्या घरातलं आहे. आम्हाला कुणी निवडायला सांगितलं नव्हतं. वडील मार्केट यार्डात हमाल. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं कारण फी परवडली. १९९८ मध्ये मित्राने वीज मंडळाचा फॉर्म आणला, त्याच्याबरोबर माझाही भरला. तो राहिला, मी लागलो. लाइनमन. खांबावर चढायची मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. पहिलं वर्षभर रोज रात्री स्वप्नात पडायचो.

आता ऐका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी रायगडात श्रीवर्धनकडे होतो. एक खांब सरळ राहिला नव्हता. नारळी-पोफळीच्या बागा तारांवर झोपलेल्या. कोरोनाचे दिवस, बाहेरून माणसं आणायची पंचाईत. काही वाड्यांना वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले. आम्ही शाळेत झोपायचो. एका वाडीत महिन्याने रात्री साडेआठला लाइन चालू केली. आधी शांतता, मग एका घरात मिक्सर सुरू झाला! कुणाचं तरी महिन्याभराचं वाटण राहिलं असेल. मग सगळी वाडी ओरडली. एक म्हातारी खांबाला हळदकुंकू लावून गेली. मी खाली उतरून अंधारात रडलो.

मी हे काम निवडलं नव्हतं. आवडही नव्हती. बावीस वर्षं केलं तेव्हा कुठे ते माझं झालं. तुम्ही चौदा वर्षं टेस्टिंग केलंत आणि ते तुमचं झालं नाही, हे मी समजू शकतो, सगळ्याच कामात मिक्सर सुरू झालेला ऐकू येत नाही. पण "आधी आवड शोधा, मग काम" हे पोरांना सांगू नका. माझा मुलगा बारावीला आहे, तो रोज मला विचारतो, बाबा माझी पॅशन काय असेल? मी म्हणतो, जा, पाण्याची मोटर बघ, आवाज करतेय.

आजीचा_चष्मा
धाग्यावर येऊन बसलेला सगळ्यात मोठा माणूस. सलाम.

टपरीवरचा_चहा
मी माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. अर्धा.

काळी_दोन
@खांबावरून, रागवायचं काय त्यात. मिक्सरची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, यांना विचार शेगडी येते का दुरुस्त करता.

खांबावरून
गॅस आपलं खातं नाही मॅडम. :)

ठाण्याची_वैनी
माझ्या सासऱ्यांची पेटी आहे, नाटक कंपनीच्या काळातली. एका सप्तकाची हवा गळते. दुरुस्त होईल का? पुण्याला पाठवू का?

काळी_दोन
@ठाण्याची_वैनी, नक्की होईल. पाठवा, विपू (तुमच्या पानावरची विचारपूस) बघा.

*(साडेपाच महिन्यांनंतर)*

हिशेबनीस
धागा वर काढतोय. काळी_दोन कुठे गायब? दुकान घेतलं की नाही?

काळी_दोन
आहे आहे. उशीर झाला, माफी असावी.

राजीनामा दिलेला नाही. आठवड्यातून चार दिवस काम मिळेल का विचारलं, तर आमच्या साहेबांनी अशा नजरेनं पाहिलं की जणू मी ऑफिसात भजन लावा म्हणालो. मग बिनपगारी तीन महिने मागितले, ज्येष्ठापासून गणपतीपर्यंत. दोन महिने घासाघीस होऊन मिळाले. हप्त्याचे तीन महिन्यांचे पैसे आधी बाजूला काढले. आरोग्यविमा स्वतंत्र घेतला, हिशेबनीसांनी म्हटल्याप्रमाणे. गाळ्याचं भाडं सध्या काका आणि मी अर्धं-अर्धं भरतो.

मिरजकरांचं ऐकून काकांना सांगितलं, गिऱ्हाईकाशी मीच बोलणार, तुम्ही मागे बसा. पहिला आठवडा भयंकर गेला. एका बुवांनी पेटी नेली, दुसऱ्या दिवशी परत आणली, म्हणाले, आवाज बदलला. काही बदललं नव्हतं, मी फक्त धूळ काढली होती. मी वाद घालत बसलो. काकांनी मागून पेटी घेतली, पाच मिनिटं उगाच उघडून बंद केली आणि परत दिली. बुवा खूश. मला फार राग आला. अजून ते मला जमत नाही आणि जमावं असं वाटतं की नाही तेही ठरलेलं नाही.

तळकोकणातल्या ताईंच्या भावाने सहा मंडळांच्या पेट्या गोळा करून टेम्पोने पाठवल्या. एकाच फेरीत. त्याचे पैसे रोख आणि वेळेवर आले. पुण्यातल्या दोन क्लासवाल्यांकडे मात्र अजून अकरा हजार अडकलेत.

आजवर ३४ पेट्या झाल्या. रविवारी पाचला पोटात गोळा येत नाही, पण मंगळवारी येतो, कारण मंगळवारी भाडं, उधारी असं सगळं वहीत लिहायला बसतो. गणपतीनंतर कामावर रुजू व्हायचंय. दिवाळीपर्यंत बघू.

मिरजेचा_भोपळा
पाच मिनिटं उगाच उघडून बंद करायची हा आमच्या चुलत्यांचाही हातखंडा होता. त्याला आमच्यात "समजुतीचं पॉलिश" म्हणतात. ते येईल हळूहळू. क्लासवाल्यांची उधारी येणार नाही, सोडून द्या.

हिशेबनीस
सोडून देऊ नका, आठवड्यातून एकदा फोन करा. आणि ती मंगळवारची वही मला पाठवा. पैसे घेणार नाही, माझ्या सोसायटीतली ती पेटी तेवढी लावून द्या. आता एक वाजवणारा सापडलाय.

आजीचा_चष्मा
शेगडीचं काय झालं?

काळी_दोन
नवीन घेतली.

ठाण्याची_वैनी
काळी_दोन भाऊ, इथे सगळं सविस्तर लिहायला वेळ मिळाला, छान. फाल्गुनात पाठवलेल्या आमच्या पेटीचं काय? गणपती नऊ दिवसांवर आले. फोन उचला.